पाणी न पिणारा गालिचा

राजरत्नबद्दल लिहायचं तर आधी माझ्या दुकानाबद्दल सांगावं लागतं, आणि त्या दुकानाचा मला मनापासून कंटाळा आलेला आहे. नारायणगावात एसटी स्टँडच्या मागच्या रस्त्याला माझं शेती औषधांचं दुकान. तीस वर्षं त्या उग्र वासात बसून नाक पार मेलं. आता बायकोच्या हातची आमटी जळली तरी मला कळत नाही, आणि त्यावरूनही घरात वाद होतात. मी भगवंत. गिऱ्हाईक मला भगवंतभाऊ म्हणतं. कुणी विचारो न विचारो, सल्ला देणं हा माझा जुना रोग. त्या रोगापायी एका भल्या माणसाच्या संसाराचं काय झालं, ते इथं लिहितोय.

राजरत्न निमगाव सावाचा. वडलांनी धम्म स्वीकारल्यानंतर घरात जन्मलेलं हे पहिलं मूल, म्हणून त्यांनी नाव हौसेनं ठेवलं होतं. गावात त्याला कुणी पूर्ण नावानं हाक मारली नाही. कुणासाठी तो राजा, कुणासाठी रतन. पुण्यात स्टेशनजवळच्या एका हॉटेलात तो अकरा वर्षं गालिचे साफ करायच्या कामाला होता. ९३ साली ते हॉटेल बंद पडलं तेव्हा निरोपादाखल मालकानं त्याला एक जुनं धूळ ओढायचं मशीन आणि दोन ब्रश दिले. ते घेऊन तो नारायणगावात आला आणि 'गालिचे धुऊन मिळतील' अशी पाटी माझ्याच दुकानाच्या भिंतीला लावून गेला. मला विचारून लावली, पण मी हो म्हणेपर्यंत खिळा ठोकून झालेला होता.

लोक हसले. सतरंजी झटकायला माणूस कशाला ठेवायचा, असं मीही म्हणालो होतो. पण तेव्हा नारायणगाव बदलत होतं. द्राक्षाचा पैसा आला होता, डॉक्टरांच्या खोल्यांत गालिचे आले होते, बँकेच्या साहेबाच्या केबिनमध्ये होता, आणि चिमाजीशेठनं नवं मंगल कार्यालय बांधून स्टेजवर बारा बाय अठरा फुटांचा मरून रंगाचा लोकरी गालिचा अंथरला होता. तो त्यांनी थेट उत्तरेतून मागवलेला. प्रत्येक लग्नानंतर त्या गालिच्यावर श्रीखंड, कुंकू, अक्षता, सरबत आणि लहान पोरांनी केलेलं जे काय असेल ते असायचं. राजरत्नला काम मिळालं.

ते काम कसं असतं हे मी जवळून पाहिलंय, म्हणून सांगतो. आधी गालिचा पालथा घालून काठीनं बडवायचा. मग मशीननं धूळ ओढायची. मग शाम्पूचं पाणी टाकून गुडघ्यांवर बसून ब्रशनं घासायचं, वीतभर, वीतभर. मग तीनदा नितळ पाण्यानं धुवायचं, कारण साबण आत राहिला तर धूळ दुप्पट धरते. इथपर्यंत एकट्या माणसाला जमतं. खरं मरण पुढं असतं. कोरडा गालिचा दोघांना जड, आणि ओला झाला की त्याचं वजन सांगायची सोय नाही. तो गुंडाळून, दाबून, पाणी काढून छातीएवढ्या उंच लोखंडी पाइपावर टाकायचा. एक टोक राजरत्नच्या खांद्यावर, दुसरं त्याच्या बायकोच्या, साळुबाईच्या.

सात वर्षं ती दोघं ते ओझं उचलत होती. साळुबाई माहेरची खोडदची. रेडिओ दुर्बिणीच्या त्या मोठाल्या अँटेना तिथं उभ्या राहिल्या त्याच्याही आधीपासून ती लोकांच्या द्राक्षबागांत कामाला जायची. बारा वर्षांची असल्यापासून फवारणीचं औषध कालवायचं काम तिच्याकडं, आणि तिचा हात इतका पक्का की बागायतदार तिला मुद्दाम बोलावणं पाठवायचे. तोंडानं फटकळ. एकदा कार्यालयाच्या मागच्या ओट्यावर ओल्या गालिच्याखाली वाकलेली असताना मी तिथनं चाललो होतो, तर मला म्हणाली, "भाऊ, लोकं या गालिच्यावर उभं ऱ्हाऊन लगीन लावत्यात. मी तर गालिच्याशीच लावलंय."

राजरत्न हसला नाही. त्याला थट्टा लवकर कळायची नाही, आणि कळली तरी त्यातलं खरं तेवढं तो घेऊन बसायचा.

२००० सालच्या पावसाळ्यात साळुबाईचं अंग, म्हणजे गर्भाशय, बाहेर यायला लागलं. बायका असलं दुखणं सांगत नाहीत. तिनंही चार महिने सांगितलं नाही. कापडाची घडी बांधून ओझं उचलत राहिली. शेवटी एक दिवस ओट्यावरच बसली ती उठेना. डिसेंबरात जुन्नरला ऑपरेशन झालं. डॉक्टरीणबाईंनी राजरत्नला समोर बसवून सांगितलं, "सगळं शिवून जागेवर बसवलंय. पण यापुढं यांनी पाण्याची कळशीसुद्धा उचलायची नाही. पुन्हा ओझं उचललं तर शिवण उसवेल, आणि दुसऱ्यांदा मला काही करता येणार नाही."

हे वाक्य त्यानं मला किती वेळा सांगितलं असेल त्याची गणती नाही. दुकानात यायचा, बाकावर बसायचा, आणि परत तेच. त्या माणसाच्या डोक्यात तेव्हापासून एकच गोष्ट होती: साळूनं परत ओला गालिचा उचलायचा नाही. पण लग्नसराई येणार होती, आणि ती नेमकी आमच्याकडच्या टोमॅटोच्या हंगामात येते. एप्रिल-मेमध्ये नारायणगावात हाताला रिकामा माणूस सापडत नाही. सगळे मार्केटात क्रेट उचलायला. ओट्यावर दुसरं टोक धरायला कोण येणार?

मार्चमध्ये एक दिवस तो आला तो जरा वेगळ्याच चेहऱ्यानं. म्हणाला, "भगवंतभाऊ, हाटेलात नवा गालिचा आला की आमी त्याला एक कोटिंग मारायचो. फवारून. वाळलं की गालिचा पाणी पीत न्हाई. वरच्या वर थेंब ऱ्हातो. कोरड्या फडक्यानं टिपला की काम झालं. धुवायचं नावच न्हाई."

"मग धुणाऱ्याचं पोट कसं भरायचं?" मी म्हणालो. माझा स्वभाव.

"धूळ तर काढावीच लागंल ना. पण ती कोरडी. मशीननं. एकट्यानं." मग म्हणाला, "वला गालिचा उचलायचा न्हाई, भाऊ. येवढंच पायजे."

पुण्याला माझा औषधांचा व्यवहार होताच. माझ्या माणसानं शोधून पाच लिटरचा कॅन आणला. पांढरट, दुधासारखं पाणी. माझ्या दुकानात राजरत्ननं एका गालिच्याच्या तुकड्यावर ते फवारलं, एक दिवस वाळवलं, आणि दुसऱ्या दिवशी त्यावर माझ्याच पेल्यातलं पाणी ओतलं. पाणी आत गेलं नाही. गोल गोळ्या होऊन वर हललं आणि खाली टपकलं. राजरत्ननं तुकडा चार वेळा तिरका करून पाहिला. त्या दिवशी त्यानं पहिल्यांदा माझ्याकडचा चहा स्वतःहून मागून घेतला.

चिमाजीशेठ तयार झाले. त्यांचं म्हणणं सरळ होतं: आधी स्टेजच्या गालिच्याला मारून दाखव. जमलं तर कार्यालयातल्या सगळ्या गालिच्यांना मार आणि मग सीझनभर कोरडी सफाई कर. नाही जमलं तर पुण्याची एक कंपनी मशीन घेऊन येते, तिला काम देऊन टाकतो, मला रोज रोज ओल्या गालिच्याची कटकट नको. शेठ वाईट माणूस नव्हे, पण त्यांना दम नाही.

मेच्या पहिल्या आठवड्यात, दोन मोठ्या लग्नांच्या आधी चार दिवस मोकळे होते. माझे दोन हमाल पाठवून मी तो गालिचा शेवटचा धुवायला, उचलायला मदत केली. तो कडक वाळवून राजरत्ननं हॉलमध्ये अंथरला आणि दारं-खिडक्या सताड उघडल्या. फवारायला मी पाठीवरचा कोरा पंप दिला. विषाचा वास लागलेला नको, ही त्याचीच अट होती. साळुबाईला त्यानं घरी बसायला सांगितलं होतं, पण ती कुठली ऐकते. "उचलायचं न्हाई म्हटलंय, बसायचं न्हाई म्हटलेलं न्हाई," असं म्हणून बादलीशेजारी येऊन बसली. औषध कालवून लोट्यालोट्यानं पंपात ओतायचं काम तिनं घेतलं. ते तिच्याइतकं चांगलं दुसऱ्या कुणाला येतही नव्हतं.

पहिला पंप राजरत्ननं दाराकडच्या पट्ट्यावर मारला. साळुबाई बघत होती. फवारा लोकरीवर बारीक दाण्यादाण्यानं बसत होता, पसरत नव्हता. हे दृश्य तिनं हजार वेळा पाहिलेलं. द्राक्षाच्या पानावर औषध असंच गोळा होतं, घरंगळतं आणि फुकट जातं. त्यावर आमच्याकडं एकच इलाज असतो. स्टिकर. म्हणजे फवारणीच्या पाण्यात घालायचं एक पातळ द्रव. ते घातलं की थेंब चपटा होऊन पानभर पसरतो, चिकटतो. आमच्या भागात स्टिकर घातल्याशिवाय कुणी पंप पाठीवर घेत नाही. मीठ घातल्याशिवाय कुणी भाजी करतं का?

राजरत्न पाणी प्यायला बाहेर गेला तेवढ्यात ती चालत माझ्या दुकानात आली. कार्यालय म्हणजे समोरच.

"भाऊ, स्टिकर द्या एक बाटली."

"कुठं फवारणी काढलीस?"

"गालिच्याची. औषध पसरंना. यांना काय कळतंय फवारणीतलं, आयुष्य हाटेलात गेलं."

आणि मी, इतकी वर्षं या धंद्यात मुरलेला शहाणा, काय म्हणालो? "बरोबर आहे तुझं. पंपाला पाच मिली घाल." वर बाटली फुकट दिली. त्या क्षणी मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं, हेही लिहून ठेवतो.

बाकीच्या सगळ्या पंपांत तिनं स्टिकर घातला. फवारा सुंदर पसरायला लागला. राजरत्न खूश झाला. त्याला वाटलं हात बसला. गालिचा दोन दिवस वाळला. चिमाजीशेठ तपासायला आले तेव्हा दारातच उभे राहिले, चपला काढायचा आळस, आणि राजरत्ननं तिथंच, दाराकडच्या पट्ट्यावर पाणी ओतून दाखवलं. थेंब उभा राहिला. शेठ म्हणाले, "वा राजा!"

लग्नाच्या दिवशी शेठना उत्साह आवरेना. नवरदेवाचे पाय धुवायचा विधी असतो तेव्हा स्टेजवर प्लॅस्टिक अंथरायची पद्धत. शेठनी ते काढायला लावलं. लालभडक सरबत फिरत होतं, त्या वाढप्यांना म्हणाले, "बिनधास्त जा रं." वऱ्हाडाकडं वळून म्हणाले, "सांडू द्या पावणं, आपला गालिचा पाणी पीत न्हाई!" मग स्वतः तांब्या उचलून स्टेजच्या मधोमध धार धरली. चारशे माणसं बघत होती.

गालिचा तांब्याभर पाणी पिऊन गेला. शेठनी दुसरा तांब्या ओतला, तोही गेला. कुणीतरी म्हणालं, "लईच तान्हेला हाय राव!" आणि सगळा हॉल हसला. तोवर पाय धुण्याचं परातभर पाणी, सरबत, हळदकुंकू, सगळं आत मुरलं होतं. कोटिंगशिवाय नुसता धुतलेला असायचा, त्याहीपेक्षा तो झरझर पीत होता.

दुपारी वऱ्हाड निघालं. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला पुढचं लग्न. शेठ सगळ्यांसमोर नको ते बोलले, आणि शेवटी म्हणाले, उद्या सकाळी गालिचा स्वच्छ आणि कोरडा पाहिजे, नाहीतर परत दारात येऊ नकोस. कार्यालयाच्या वाढप्यांनी गालिचा ओढत मागच्या ओट्यावर आणून टाकला आणि ते दुसऱ्या गावच्या लग्नाला जीपमध्ये बसून गेले.

राजरत्न माझ्याकडं धावत आला. दुकानात ही गर्दी. टोमॅटोवर अळी पडली होती आणि प्रत्येकाला माझ्याशीच बोलायचं होतं. त्यानं विचारलं, "हमाल हायेत का?" मी मान वर न करता म्हणालो, "आळेफाट्याला माल घेऊन गेलेत. संध्याकाळी येतील." संध्याकाळपर्यंत ऊन राहणार नव्हतं आणि उन्हाशिवाय तो गालिचा सकाळपर्यंत वाळणार नव्हता. हे मला कळायला हवं होतं. पण काय झालंय, एवढंही मी विचारलं नाही. तो गेला.

पुढचं त्यानं मला नंतर सांगितलं. तो ओट्यावर परत आला तर साळुबाई तिथं उभी. त्यानं तिला घरी जायला सांगितलं, मग ओरडला, मग हात जोडले. तिनं पदर खोचला. गालिच्यावर पाणी मारताना त्याच्या ध्यानात आलं होतं की दाराकडचा दोन हात रुंदीचा पट्टा अजून कोरडाच राहतोय, थेंब उभे राहतायत, आणि बाकीच्यातून फेस निघतोय. साबणासारखा. हॉटेलात शिकवलेलं त्याला आठवलं: आत साबणाचा अंश जरी राहिला तरी कोटिंग धरत नाही. पहिला पंप चांगला आणि पुढचे खोटे, याचा अर्थ त्याला लागला. तिला दिसू नये म्हणून त्यानं घाईघाईनं तोच पट्टा आधी आत गुंडाळला.

मग तो एकटा टोक धरून पाइपाकडं निघाला. ओला गालिचा एकट्याला ओढवतसुद्धा नव्हता. त्याचा पाय घसरला. उठून पाहतो तर दुसरं टोक साळुबाईच्या खांद्यावर होतं.

गालिचा पाइपावर चढला. तो सकाळपर्यंत वाळला, लग्नही लागलं, आणि तरीही शेठनी काम पुण्याच्या कंपनीलाच दिलं. साळुबाईला तिसऱ्या दिवशी जुन्नरला न्यावं लागलं. डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं, आता वेगळं काय सांगणार? आत एक रबरी कडं बसवून दिलं आणि दुखणं सोसायचं, एवढंच म्हणाल्या.

जुन्नरहून आल्यावर राजरत्न माझ्या बाकावर बसला. "साळूनं तुमच्याकडनं स्टिकर नेला व्हता ना?" मी हो म्हणालो. मग त्यानं स्टिकर काय करतो ते मला, औषधवाल्याला, समजावून सांगितलं. थेंब पसरवणारी वस्तू आणि थेंब उभा ठेवणारी वस्तू एका पंपात.  मी माफी मागायला गेलो तर म्हणाला, "तसलं काय नको. फक्त तिला सांगू नका. तिला कळलं की तिच्या हातनं झालं, तर ती जगायची न्हाई. मी सांगितलंय, कोटिंगचा डबा शिळा निघाला. तुमीबी तेच सांगा."

मी तेच सांगत राहिलो. त्यानंतर राजरत्ननं गालिच्याला हात लावला नाही. मशीन भंगारात घातलं, माझ्या भिंतीवरची पाटी स्वतः काढून नेली आणि हायवेवरच्या पेट्रोल पंपावर राखणीला लागला. तिथंही कुणी भेटलं की सांगायचा, कंपनीनं शिळा डबा दिला, फसवलं. इतक्यांदा सांगितलं की ऐकणाऱ्याला त्याचा वीट यायचा. मला तर त्याला बघितलं की दुसऱ्या गल्लीनं जावंसं वाटायचं.

२००८ च्या दिवाळीनंतर साळुबाई दुकानात आली. परसातल्या वांग्यावर मावा पडला होता. आता ती बाकावर बसायची तीसुद्धा एका कुल्ल्यावर, हळू. मी औषधाची पुडी बांधून दिली.

"स्टिकर?" ती म्हणाली.

"चार झाडांना कशाला?"

"सात वर्सं झाली, भाऊ. तुमी मला स्टिकर देतच न्हाई."

मी काहीतरी शोधल्यासारखं करत कपाटाकडं वळलो.

"डबा शिळा नव्हता," ती म्हणाली. "मी त्याच दुपारी बघितलं. वऱ्हाड गेलं आन हे तुमच्याकडं हमाल बघाया आले, तवा मी एकटी व्हते तिथं. दाराकडचा पट्टा कोरडा. त्यो माज्या आधीचा. बाकी समदा माज्या हातचा. मला काय कळत न्हाई व्हय फवारणीतलं?"

मला तिच्याकडं बघवेना. तरी विचारलं, "कळलं होतं, तर मग उचललास कशाला? डॉक्टरीणबाईंनी एवढं सांगितलेलं."

"म्हून तर उचलला. चूक माजी, आन मरायचं त्यांनी एकट्यानं?"

ती पुडी घेऊन उठली. उठताना बाकाची कड धरली, थोडा वेळ तशीच उभी राहिली, मग सरळ झाली.

"त्यांना बोलू नका, भाऊ. मला ठाव न्हाई असं त्यांना वाटतंय. तेवढ्यावर त्यांना झोप लागती."